चंचल मूल आणि त्याचे सवंगडी

शाळेच्या प्रगतिपुस्तकात शेऱ्याचा एक रकाना असतो. ‘बुद्धी चांगली, परंतु वर्गात स्वस्थ बसत नाही’, ‘लवकर चिडतो’, ‘इतरांच्या खेळात विघ्न आणतो’ अशा आशयाचे शेरे त्या रकान्यात वर्षानुवर्षे उमटत असतात. ज्या मुलाविषयी ते लिहिले जातात त्याची इयत्ता बदलते, शिक्षक बदलतात, क्वचित शाळाही बदलते. शेरा मात्र बदलत नाही. ज्या वर्तनात एवढा टिकाऊपणा आहे ते केवळ लाडाने बिघडलेले अथवा धाकाच्या अभावी मोकाट सुटलेले असावे, हा तर्क वस्तुतः संशयास्पद वाटावयास हवा. तरीही पुष्कळ घरांत व शाळांत तो निःशंकपणे केला जातो, आणि त्याचा भुर्दंड मुलाला सोसावा लागतो.

अशा शेऱ्यांचे धनी असलेले प्रत्येक मूल विकारग्रस्त असते असे मुळीच नव्हे. चांचल्य हा बाल्याचा धर्मच आहे. परंतु त्यांपैकी काही मुलांचे लक्ष न टिकणे, उतावीळपणा आणि सततची हालचाल ही त्यांच्या वयाच्या मानाने फार अधिक असतात, बाराव्या वर्षापूर्वीच दिसू लागतात, आणि घरी व शाळेत अशा दोन्ही ठिकाणी त्यांच्या वाटेत आडवी येतात. या अवस्थेस अवधानन्यूनता व अतिचांचल्य विकार म्हणतात. एडीएचडी या आद्याक्षरांनीही ती ओळखली जाते. २००७ साली जगभरच्या १०२ पाहण्यांचा एकत्रित विचार करण्यात आला, तेव्हा हे प्रमाण शेकडा पाचाहून किंचित अधिक भरले. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात सरासरीने दोन. मुलींमध्ये तो पुष्कळदा आरडाओरड्याच्या रूपाने न येता हरवलेपणाच्या रूपाने येतो, म्हणून त्यांची नोंदही होत नाही.

‘पूर्वी असली दुखणी नव्हती’ हा आक्षेप इतिहासापुढे टिकत नाही. फ्रँकफुर्टचे वैद्य हाइनरिख हॉफमन यांनी १८४० च्या दशकात मुलांसाठी रचलेल्या सचित्र पुस्तकात जेवणाच्या मेजाशी झुलता झुलता मेजावरील वस्त्रासकट सारे अन्न खाली ओढणारा मुलगा आलेला आहे. लंडनमधील बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये दिलेल्या व्याख्यानांत अशा ४३ मुलांचे वर्णन केले. त्यांच्यापैकी अनेकांची बुद्धी शाबूत होती. पण मनाचा वेग आवरण्याची शक्ती उणी होती, आणि स्टिल यांच्या वर्णनात रागाचा अनावरपणा अग्रस्थानी होता. या उणिवेस त्यांनी ‘नैतिक नियंत्रणाचा’ अभाव म्हटले. निरीक्षण सूक्ष्म, परंतु शब्द दुर्दैवी! नीतीचे नाव घेतले की दोष आला, आणि दोष आला की शिक्षा आली.

पुढे नावे बदलत गेली. अमेरिकन मानसचिकित्सकांच्या संघटनेच्या वर्गीकरणात १९६८ साली हालचालीच्या अतिरेकावर भर होता. १९८० साली अवधानाची उणीव नावात आली. १९८७ साली दोन्ही एकत्र झाली. या स्थित्यंतरात एक गोष्ट मात्र मागे पडली. आज निदानासाठी जी अठरा लक्षणे तपासतात, त्यांपैकी नऊ अवधानाची आणि नऊ चांचल्य व उतावीळपणाची आहेत. भावनांच्या अनावरपणाचे त्यांत एकही नाही. तो आनुषंगिक म्हणून स्वतंत्रपणे उल्लेखिला जातो. चिकित्सकाच्या दृष्टीने ही सोय योग्य असेलही. पण मुलाच्या दृष्टीने पाहिले तर बेरजेत हातचा विसरल्याने कोणी त्याच्याशी खेळावयाचे थांबत नाही. खेळात बाद झाल्यावर त्याने बॅट फेकली म्हणजे थांबते.

भावना उत्पन्न होणे आणि ती आवरणे या दोन निराळ्या क्रिया आहेत. राग सर्वांनाच येतो. राग आणि कृती यांच्यामध्ये जो क्षणभराचा अवकाश असतो, त्यात मनुष्य थांबतो, मागचे आठवतो, पुढचे पाहतो, स्वतःशीच चार शब्द बोलतो आणि मग वागतो. या विकारात तो अवकाशच आखूड असतो, असे मत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कले यांनी १९९७ साली विस्ताराने मांडले. त्याला पूरक असा पुरावा २००७ साली मेंदूच्या प्रतिमांवरून मिळाला. विकार असलेली २२३ आणि नसलेली २२३ मुले तपासली असता, मेंदूच्या बाह्यस्तराची जाडी सर्वसाधारण मुलांत सुमारे साडेसातव्या वर्षी कमाल होते, तर या मुलांत ती सुमारे साडेदहाव्या वर्षी होते, असे आढळले. विलंब कपाळामागील भागात विशेष होता, आणि थांबणे व बेत आखणे ही त्याच भागाची कामे होत. यावरून दहा वर्षांचे असे मूल सर्वार्थाने सात वर्षांचे असते असा सरसकट निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. त्याची गणिताची समज अथवा शब्दसंपत्ती वयाला साजेशी, कधी वयापुढचीही असते. परंतु संयमाच्या बाबतीत त्याच्याकडून वयाइतकीच अपेक्षा करणे हे, ज्याची दृष्टी अधू आहे त्याला मागच्या बाकावर बसवून फळा वाचावयास सांगण्यासारखेच आहे.

येथे खरा प्रश्न उभा राहतो. संयम शिकवावयाचा, तर तो कोठे आणि कसा? रूढ उत्तर उपदेशाचे आहे. मुलाला समोर बसवून ‘रागावू नये, दुसऱ्याचे ऐकून घ्यावे, आपली पाळी येईपर्यंत थांबावे’ असे सांगितले जाते, आणि मूल मान डोलावते. त्याला विचारले तर तेही हेच नियम बिनचूक सांगते. मग मैदानावर जाते आणि पहिल्याच डावात भांडून परत येते. ‘कळते पण वळत नाही’ ही म्हण येथे इतकी नेमकी लागू पडते की तिचा वापर निंदेसाठी व्हावा याचे नवल वाटते. कारण न वळणे हाच तर विकार आहे. माहितीची उणीव असती तर उपदेश पुरला असता.

उपदेशाची सुधारलेली आवृत्ती म्हणजे सामाजिक कौशल्यांचे वर्ग. आठवड्यातून एकदा मुलांना एका खोलीत जमवून बोलावे कसे, हार कशी स्वीकारावी, मैत्री कशी करावी यांचे पाठ देतात. हेतू उत्तम, खर्च बराच. परंतु अशा प्रशिक्षणाच्या २५ चाचण्यांचा जो साकल्याने आढावा २०१९ साली कॉक्रेन संस्थेतर्फे प्रसिद्ध झाला, त्यात मुलांच्या सामाजिक वर्तनावर त्याचा म्हणण्याजोगा लाभ सिद्ध होऊ शकला नाही. हा निष्कर्ष निराशाजनक वाटला तरी अनपेक्षित नाही. शांत खोलीत, प्रेमळ शिक्षकापुढे, चिडण्याचे कारण नसताना शिकलेला संयम हा कोरड्या जमिनीवर शिकलेल्या पोहण्यासारखा असतो.

खो-खोचे उदाहरण घ्यावे. पाठलाग करणाऱ्या बाजूचे आठ गडी चौकोनांत बसलेले असतात आणि नववा धावत असतो. पाठीमागून ‘खो’ मिळाल्यावाचून उठावयाचे नाही, हा नियम प्रत्येकाला ठाऊक असतो. प्रतिपक्षाचा गडी हाताच्या अंतरावरून निसटतो आहे, सवंगडी ओरडताहेत, आणि तरी बसून राहावयाचे! उतावीळ मुलाला याहून कठीण परीक्षा नाही, आणि याहून चांगली शाळाही नाही. क्रीडाशिक्षकाने डावाआधी मुलाजवळ उकिडवे बसून ‘आज कशाची वाट पाहावयाची?’ एवढे विचारले, त्याने ‘खो’ची असे उत्तर दिले, आणि पहिल्यांदा तो थांबला त्याच क्षणी ‘थांबलास, छान!’ असे शब्द त्याच्या कानी पडले, तर जे काम तासाभराच्या प्रवचनाने होत नाही ते होऊ लागते. शिकवण जेथे वापरावयाची तेथे, त्याच घटकेस, थोडक्या शब्दांत आणि वारंवार मिळावी लागते. विल्यम पेलहॅम यांनी १९८० साली अमेरिकेत सुरू केलेल्या उन्हाळी उपक्रमाचे रहस्य हेच आहे. तेथे मुले आठ आठवडे दिवसभर खेळतात व शिकतात, आणि नियम पाळल्याची वा मोडल्याची नोंद वडील मंडळी तिथल्या तिथे गुणांनी करीत जातात. महिनाअखेरच्या बक्षिसाचा या मुलांवर फारसा परिणाम होत नाही. त्यांच्या दृष्टीने महिना फार लांब असतो.

घरातही तत्त्व तेच. राग भडकल्यावर शिकवण देण्यात अर्थ नाही. तो चढू लागतो तेव्हा मुठी आवळतात, कान तापतात, आवाज चढतो. ही चिन्हे ओळखावयास आणि ‘मला राग येतो आहे’ असे म्हणावयास मुलाला शांत वेळी शिकवता येते. बाजूला जाऊन बसण्याची एक जागा आधीच ठरलेली असावी, आणि ती शिक्षेची जागा नसावी. पाणी पिऊन, दोन फेऱ्या मारून मूल परत आले की परत येण्याबद्दलच त्याचे कौतुक व्हावे. काय घडले याची चर्चा तासाभराने. या साऱ्यात अवघड भाग मुलाकडे नसून मोठ्यांकडे आहे. ऑरेगन येथील जेराल्ड पॅटर्सन यांनी घराघरांतून निरीक्षण करून दाखविले की आई ओरडते, मूल अधिक ओरडते, आई कंटाळून माघार घेते, आणि मुलाला ओरडण्याचा उपयोग कळतो. दुसऱ्या दिवशी आई आणखी मोठ्याने सुरुवात करते. हे चक्र वडीलधाऱ्या माणसानेच तोडावयाचे असते. मुलापाशी ती शक्ती असती तर प्रश्नच उद्भवला नसता.

औषधांविषयी थोडेसे सांगितले पाहिजे. १९३७ साली चार्ल्स ब्रॅडली यांनी उत्तेजक औषधाने अशी मुले शांत होतात हे प्रथम नोंदविले, आणि योग्य मुलांत, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, त्या वर्गातील औषधे आजही गुणकारी ठरतात. त्यांचा धिक्कार करण्याचे कारण नाही. मात्र औषध थांबण्यास अवधी मिळवून देते; त्या अवधीत काय बोलावे हे ते शिकवीत नाही, आणि काल भांडलेल्या मित्राला परतही आणत नाही.

मित्र हा या विषयाचा सर्वांत दुर्लक्षित भाग होय. अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या उपचारचाचणीतील मुलांच्या वर्गमित्रांना त्यांच्याविषयी विचारण्यात आले, तेव्हा २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार निम्म्याहून अधिक मुले सवंगड्यांनी झिडकारलेली आढळली. अनोळखी मुले एकत्र खेळावयास बसली तरी हे मत काही तासांतच बनते, आणि एकदा बनले की ते मुलाच्या सुधारणेला दाद देत नाही. मूल थांबावयास शिकते. वर्गाला मात्र त्याची जुनीच कीर्ती आठवते. अशा वेळी सारा प्रयत्न एकट्या मुलावर खर्च करणे म्हणजे टाळीसाठी एकाच हाताला व्यायाम देणे होय. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ अमोरी मिकामी यांनी या दिशेने केलेले काम म्हणूनच मोलाचे आहे. २०१० साली त्यांनी पालकांना मैत्रीचे मार्गदर्शक म्हणून तयार करून पाहिले. अशा मार्गदर्शनात सारी भिस्त तपशिलावर असते. दहा जणांचा घोळका न जमवता एकच मित्र घरी बोलवावा; वेळ थोडा असावा; खेळ आधी ठरवावा आणि तो शक्यतो हारजितीचा नसावा, पतंग चिकटविणे चालेल, कॅरम नको; आणि कंटाळा येण्यापूर्वीच भेट संपवावी. पुढे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी शिक्षकांच्या वागण्यातून वर्गमित्रांचे मत पालटण्याचा यत्न केला. शिक्षक ज्याच्यावर सर्वांसमक्ष खेकसतो त्याला वर्गही टाकाऊ समजतो. शिक्षकाने त्याच्या चित्रकलेचा अथवा धाडसाचा उल्लेख चारचौघांत मनापासून केला, तर मुलेही नव्या दृष्टीने पाहू लागतात.

भारतात हे कितपत शक्य आहे, हा प्रश्न रास्त आहे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने प्राथमिक वर्गांत साधारणतः ३० मुलांमागे एक शिक्षक असावा असे ठरविले. प्रत्यक्षात कित्येक वर्ग याहून गच्च भरलेले असतात. त्याच कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली, हे उतावीळ मुलांवर मोठेच उपकार झाले, कारण छडीचे पहिले मानकरी तेच असत. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ज्या तीस अवस्थांसाठी मुलांची तपासणी व्हावयाची, त्यांत हा विकार आहे. परंतु दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातील एकवीस प्रकारांत त्याचे नाव स्वतंत्रपणे नाही, आणि त्यामुळे सवलती मागणाऱ्या पालकांची दारोदार फरफट होते. ही विसंगती दूर होणे अगत्याचे आहे. तोवर हातावर हात ठेवून बसण्याचे मात्र कारण नाही, कारण वर सांगितलेल्या बहुतेक गोष्टींना ना इमारत लागते, ना यंत्र.

‘एकालाच एवढे झुकते माप दिले तर बाकीची मुले काय म्हणतील?’ असे शिक्षक विचारतात. चष्मा लावणाऱ्या मुलाविषयी बाकीची मुले काही म्हणत नाहीत. शिवाय नियम थोडे, स्पष्ट आणि फळ्यावर लिहिलेले असणे, सूचना एका वेळी एकच मिळणे, चांगल्या वागण्याची दखल तत्काळ घेतली जाणे, यांत कोणत्या मुलाचे नुकसान आहे? १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या एका चौथीच्या वर्गात शिक्षिकेने वर्गाचे दोन संघ पाडून, शांतपणे वागणाऱ्या संघाला छोट्या सवलती देण्याचा खेळ चालविला. त्याने गोंगाट झपाट्याने उतरला, आणि तोही साऱ्या वर्गाचा.

वर्गाचे मत जर पहिल्या काही दिवसांतच घडत असेल, तर शाळेच्या नव्या वर्षाचा पहिला पंधरवडा सर्वांत मोलाचा ठरतो. तो बहुधा वह्यापुस्तके आणि वेळापत्रक यांतच सरतो. त्याच दिवसांत मुलाला शांत, समजूतदार सोबत्याशेजारी जागा देणे, मधल्या सुट्टीत त्याच्यावर काही ठराविक काम सोपविणे आणि क्रीडाशिक्षकाशी त्याच्याविषयी बोलून ठेवणे मुख्याध्यापकांना शक्य आहे. मुलांची भांडणे आणि मैत्री सर्वांत जवळून पाहणारा मनुष्य म्हणजे क्रीडाशिक्षक. पण अशा मुलाच्या पालकांना शाळेत बोलावतात तेव्हा बैठकीला बहुधा वर्गशिक्षक असतात, मुख्याध्यापक असतात, आणि क्रीडाशिक्षक मैदानावर असतात.