विश्लेषण : वर्षाला एक पौंड आणि दिवसभर रेडिओ, बीबीसीचे जुने वेळापत्रक आज काय सांगते?

कमी लोक ऐकतात असे कार्यक्रम सार्वजनिक पैशांतून का चालवायचे, हा प्रश्न आकाशवाणीला विचारला जातो तसा बीबीसीलाही. १९५०च्या दशकाच्या प्रारंभी ब्रिटनमधील रेडिओचा एक साधा, कामाचा दिवस कसा असे, हे पाहिले तर या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मिळते.

तीन केंद्रे, एकच परवाना

दूरचित्रवाणी तेव्हा मोजक्याच घरांत होती. रेडिओसाठी १९४६पासून वर्षाला एक पौंड परवाना शुल्क होते आणि जाहिरातींना पूर्ण मज्जाव होता. या पैशांतून तीन केंद्रे चालत. बातम्या, नाटके आणि शालेय कार्यक्रमांसाठी ‘होम सर्व्हिस’, करमणुकीसाठी जुलै १९४५मध्ये सुरू झालेला ‘लाइट प्रोग्रॅम’ आणि सप्टेंबर १९४६पासून अभिजात संगीत, कविता, व्याख्यानांसाठी ‘थर्ड प्रोग्रॅम’. श्रोत्याने हलक्याफुलक्या कार्यक्रमांकडून हळूहळू गंभीर कार्यक्रमांकडे वळावे, अशी तत्कालीन महासंचालक विल्यम हेली यांची कल्पना होती.

दिवस कोणासाठी?

सकाळी ‘हाउसवाइव्ज चॉइस’मध्ये गृहिणींच्या फर्माइशीची गाणी लागत. कारखान्यातील कामगारांसाठी ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’ दिवसातून दोनदा असे. ऐकणाऱ्याने काम थांबवून टाळ्या वाजवाव्यात, अशी गाणी त्यात टाळली जात. दुपारी पावणेदोनला ‘लिसन विथ मदर’मध्ये चिमुकल्यांसाठी गोष्ट आणि गाणी, लगेच दोन वाजता ‘वुमन्स अवर’. १९४६मध्ये तो सुरू झाला तेव्हा सूत्रसंचालक पुरुष होता, पण स्त्रियांच्या आरोग्याचे विषय त्यात उघडपणे बोलले जाऊ लागले. चार वाजता डॉक्टरच्या पत्नीची दैनंदिनी सांगणारी ‘मिसेस डेल्स डायरी’ आणि संध्याकाळी ‘द आर्चर्स’. ही मालिका १ जानेवारी १९५१पासून देशभर ऐकू येऊ लागली. अन्नधान्याचे रेशनिंग चालू असताना शेतकऱ्यांना नव्या पद्धती कळाव्यात, हा तिचा मूळ हेतू. म्हणून कृषी मंत्रालयही तिच्याशी जोडलेले होते.

याच दिवसात खलाशांसाठी सागरी हवामानाचा अंदाज असे. लाइट प्रोग्रॅमच्या लांब लहरी दूर समुद्रापर्यंत पोहोचत, म्हणून तो तिथे. करमणुकीच्या केंद्रावर मध्येच वाऱ्याचा वेग आणि दृश्यमानता सांगितली जाई आणि घरी बसलेले लाखो लोकही ते ऐकत.

जाहिरातदाराने हे केले असते का?

गाण्यांसाठी आणि कौटुंबिक मालिकांसाठी जाहिरातदार मिळाला असता. उत्तर समुद्रातील मच्छीमारासाठी, वर्गातल्या मुलांसाठी किंवा ‘थर्ड’च्या मूठभर श्रोत्यांसाठी तो कशाला पैसे मोजेल? डिलन टॉमस यांचे ‘अंडर मिल्क वुड’ हे गाजलेले श्रुतिनाट्य जानेवारी १९५४मध्ये याच ‘थर्ड’वर झाले. पुढे १९५७मध्ये त्याचे तास कापले गेले, तेव्हा टी. एस. एलियट यांच्यासारख्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. सार्वजनिक प्रसारणाची बाजू इथेच भक्कम ठरते. श्रोते किती, यापेक्षा ते गरजेपोटी ऐकतात का, हे त्याने पाहायचे असते.

मग सगळे छान होते?

नाही. रेडिओवर बीबीसीची मक्तेदारी होती आणि ती १९७३पर्यंत टिकली. पुढील पंधरवड्यात संसदेत चर्चेला येणाऱ्या विषयावर बोलायचे नाही, असा दंडक होता. म्हणजे देश ज्यावर वाद घालत असे, त्यावरच रेडिओ गप्प. सुएझच्या पेचप्रसंगात त्यातला फोलपणा उघड झाला आणि १९५६च्या अखेरीस तो स्थगित झाला. कंटाळलेले तरुण संध्याकाळी ‘रेडिओ लक्झेंबर्ग’कडे वळत.

भारतातही हेच घडले. प्रसारणाची घडी बसवण्यासाठी १९३५मध्ये बीबीसीतूनच लायोनेल फील्डन आले. पुढे माहिती व प्रसारणमंत्री बा. वि. केसकर यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते ‘रेडिओ सिलोन’कडे गेले. त्यांना परत आणण्यासाठी ऑक्टोबर १९५७मध्ये ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. श्रोत्याला काय आवडावे हे वरून ठरवले, की तो खुंटी फिरवतो.

आजचा प्रश्न

मोबाइलवर प्रत्येकाला त्याच्या आवडीचेच ऐकवले जाते. त्यात सोय आहे. पण गाण्यांची वाट पाहणाऱ्या गृहिणीच्या कानावर खलाशांचा हवामान अंदाज पडण्याची शक्यता त्यात उरत नाही. दुसऱ्याचे जगणे कानावर पडण्याची ती वाट सार्वजनिक पैशांतूनच खुली राहू शकते. तेव्हा सार्वजनिक प्रसारकाला पैसे द्यावेत. मात्र ते देताना दोन गोष्टींचा हिशेब मागावा : बाजार ज्यांना विचारत नाही त्यांच्यासाठी दिवसात किती वेळ ठेवला आहे आणि सरकारला नको असलेला विषय त्यावर कधी बोलला जातो का?