मधाविना ओट्सची वडी

ओट्स, मध, लोणी, व्हॅनिला अर्क आणि चॉकलेट. ‘आरोग्यदायी चॉकलेट ओट्स बार’ या नावाची कोणतीही पाककृती उघडावी, साहित्याची यादी बहुधा अशीच असते. आपल्या घरातील दृष्टीने ती वाचली तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. मद्य, मांस, मधु आणि नवनीत या चार महाविगईंपैकी तीन तिच्यात हजर आहेत. मध उघडच आहे, लोणीही उघड आहे. शुद्ध व्हॅनिला अर्क मद्यार्कात उतरवलेला असतो, हे मात्र पुष्कळ भगिनींना ठाऊक नसते. शेंगदाण्याच्या ‘पीनट बटर’ला केवळ नावामुळे घाबरण्याचे कारण नाही, पण बाकी तिन्हींबद्दल विचार करावाच लागतो.

आपण काही पाककृती वाचून मुलांना खाऊ देत नाही, दुकानातून तयार बार आणतो, त्यावर हिरवे चिन्ह असते, मग काळजी कसली, असे कुणी म्हणेल. गैरसमज नेमका येथेच आहे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० सालच्या लेबलविषयक नियमावलीत मांसाहारी पदार्थाची व्याख्या करताना दूध व दुग्धजन्य पदार्थांप्रमाणेच मध, मधमाशांचे मेण आणि लाख यांना वगळले आहे. म्हणजे मध घातलेला बार कायद्याने शाकाहारी ठरतो आणि त्यावर हिरवे चिन्ह रीतसर लागते. यात उत्पादकाची लबाडी नाही. ते चिन्ह आपल्या व्रतांसाठी आखलेले नाही, इतकेच. त्याचा उपयोग आहे, तो मान्य करावा. अंडे, जिलेटिन किंवा प्राण्यांच्या चरबीपासून केलेले घटक असलेल्या पदार्थाला हिरवे चिन्ह लावता येत नाही. परंतु मधासाठी घटकांची यादी वाचण्यावाचून गत्यंतर नाही. ‘व्हीगन’ पदार्थांसाठी आता वेगळे चिन्ह आहे. त्यात मध चालत नाही, त्यामुळे खरेदीच्या वेळी ते थोडे साह्य करते. कंदमुळांचा मात्र त्या चिन्हाशी काही संबंध नाही.

यादी वाचताना आणखी एक नियम लक्षात ठेवावा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. ज्या बारच्या दर्शनी भागावर ओट्सचे चित्र आहे, त्याच्या यादीत साखर, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप आणि मध अशी गोडीची तीन-चार नावे विखुरलेली आढळतात. प्रत्येक नाव ओट्सच्या खाली राहते, पण सर्वांची बेरीज वर जाऊ शकते. व्यापारी घरातील माणसाला ही हिशेबाची रीत समजावून सांगावी लागू नये. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून मुलांची पेये काढण्याची सूचना दिली, कारण अशा पेयांची व्याख्याच अन्न कायद्यात नव्हती. वेष्टनावरील ‘हेल्दी’ या शब्दाकडेही तितक्याच सावधपणे पाहावे.

मग हा बार घरात हवाच कशाला? त्याचे उत्तर घड्याळात आहे. डिसेंबरात नागपूरला साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. शाळा, मग शिकवणी, मग खेळ. चौविहार पाळणारे मूल घरी पोहोचते तेव्हा दिवेलागण होऊन गेलेली असते. इतवारीच्या पेढीवर बसलेल्यांचीही तीच अडचण. गिऱ्हाईक दारात असताना जेवायला उठणे जमतेच असे नाही. अशा वेळी डब्यात काय आहे यावर त्या दिवसाचा नियम टिकतो की मोडतो, हे ठरते. मुलाने उपाशी राहावे किंवा शाळेजवळच्या दुकानातून न वाचलेले वेष्टन फाडावे, हे दोन्ही पर्याय आईला नको असतात. सव्वापाचला दोन घासांत संपणारी, पोटाला आधार देणारी, हात न बरबटवणारी वस्तू तिला हवी असते.

ती करण्याची विद्या आपल्याकडे पूर्वीपासून आहे. मध बारमध्ये दोन कामे करतो, दाणे एकत्र धरतो आणि वडी मऊ ठेवतो. हीच कामे गूळपापडीत तूप आणि गूळ करतात. गुजराती घरांत तिला सुखडी म्हणतात. पीठ तुपात भाजायचे, आच बंद करून गूळ मिसळायचा, ताटात थापायचे. पिठाच्या जागी ओट्स आले आणि कोको मिळाला, की चॉकलेटचा बार झाला. लोण्याऐवजी तूप आपोआपच आले, अंड्याची गरज मुळात नव्हतीच.

सोळा वड्यांसाठी १८० ग्रॅम जाड ओट्स घ्यावेत. दोन मिनिटांत शिजणारे झटपट ओट्स घेऊ नयेत, त्यांचा भुगा होतो. ६० ग्रॅम शेंगदाणे, ३० ग्रॅम तीळ आणि ३० ग्रॅम जवस भाजून ठेवावेत. जवस आपल्या विदर्भाचाच. चटणीपलीकडे त्याला घरात फारसे स्थान मिळत नाही, हे वाईट. शिवाय २५ ग्रॅम साखरविरहित कोको पावडर, १०० ग्रॅम किसलेला गूळ, ८० ग्रॅम बी काढलेला मऊ खजूर, ७० ग्रॅम तूप, चिमूटभर मीठ आणि अर्धा चमचा सुंठ लागेल. ओट्स परातीत पसरून निवडावेत. दमट दिवसांत पाकीट फोडल्यावर हे अधिक काळजीने करावे. खजूर अख्खा टाकू नये, प्रत्येक फोडून आतून पाहावा. ओव्हन पेटवण्यापूर्वी तो उघडून कोरड्या फडक्याने पुसावा. ओटीजीच्या सळयांमागे मुंग्या असू शकतात.

व्हॅनिलाच्या जागी संत्रे वापरावे. नागपुरात राहून कृत्रिम सुवासाची बाटली विकत घेणे मला तरी पटत नाही. संत्रे कोमट पाण्याने स्वच्छ धुऊन, पुसून, सोलण्याआधीच बारीक किसणीवर त्याची साल हलकेच किसावी. आपल्या संत्र्याची साल सैल असते, सोलल्यावर ती किसणीवर धरता येत नाही. केवळ केशरी भाग घ्यावा, पांढरा कडू लागतो. हा कीस मंद ओव्हनमध्ये काही मिनिटे कोरडा करून घ्यावा, म्हणजे वडीत पाण्याचा अंश जात नाही. संत्रे आणि कोको यांचे सख्य अनुभवल्यावर वेलचीचीही आठवण होत नाही.

आता कृती. ओट्स १५० अंशांवर पंधरा मिनिटे कोरडे भाजावेत, मधे एकदा हलवावे. निवाल्यावर त्यांतील निम्मे मिक्सरमध्ये जाडसर फिरवावेत. हे पीठच पुढे वडी धरून ठेवते. शेंगदाणे व जवस भरडावेत, तीळ अख्खे राहू द्यावेत. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर तूप तापवून त्यात खजूर परतावा, चार-पाच मिनिटांत त्याचा लगदा होतो. पाणी किंवा दूध घालू नये. आच बंद करावी आणि मगच गूळ घालावा. कढईच्या उष्णतेने तो विरघळतो. उकळी आली तर पाक चढतो आणि वडी दाताला दाद देत नाही. यात प्रथम कोको, मीठ, सुंठ व संत्र्याचा कीस मिसळून गुठळ्या मोडाव्यात, नंतर ओट्स व बाकीचे जिन्नस घालावेत. तूप लावलेला कागद अंथरलेल्या २० सेंटिमीटरच्या चौकोनी भांड्यात हे मिश्रण वाटीच्या बुडाने जोर लावून दाबावे. दाबण्यात आळस केला तर कापताना चुरा होतो, आणि दोष उगीच गुळाला लागतो. १६० अंशांवर बारा मिनिटे भाजावे, कोमट असताना सुरीने खुणा कराव्यात, पूर्ण निवाल्यावर वड्या वेगळ्या कराव्यात. ओव्हन नसेल तर ओट्स कढईत भाजून मिश्रण ताटात थापावे. वडी थोडी ठिसूळ होते, चवीत उणेपणा येत नाही.

वरून चॉकलेट हवे असल्यास ५० ग्रॅम डार्क चॉकलेटचे तुकडे गरम थरावर पसरून दोन मिनिटांनी चमच्याने सारखे करावेत. यादीत कोको बटर आहे की हायड्रोजनेटेड वनस्पती तेल, हे पाहून घ्यावे. दुसरे असेल तर ते ‘कंपाउंड’ होय, स्वस्त पडते पण आपल्या हेतूला शोभत नाही. एप्रिल-मे महिन्यांत हा थर देऊच नये. चॉकलेट ३४ अंशांच्या आसपास वितळते आणि आपल्याकडे पारा ४५ पर्यंत चढतो. डबा उघडल्यावर मुलाच्या वह्या आधी गोड होतील. कोकोच्या बिया वाळवण्यापूर्वी काही दिवस आंबवतात, हेही येथे सांगून ठेवते. ज्यांच्या नियमात ही गोष्ट बसत नाही, त्यांनी कोको वगळून हीच वडी करावी.

गूळ आहे म्हणून ही वडी बिनसाखरेची होत नाही, हे स्पष्ट केलेले बरे. गुळाचा फार मोठा भाग साखरच असतो, खजूरही गोडच. वरच्या प्रमाणात, चॉकलेटच्या थरासह, एका वडीत साधारण साडेनऊ ग्रॅम साखर, १८० कॅलरी आणि तीनेक ग्रॅम तंतू येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे दिवसाची मोकळी साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत असावी. त्या मापाने मुलाला दिवसाला एक वडी पुरे. मधुमेह असलेल्या आजोबांना ‘घरची आहे’ म्हणून आग्रह करू नये. ओट्समधील बीटा-ग्लुकन हा तंतू रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल उतरवण्यास मदत करतो, हे खरे. पण त्यासाठी दिवसाला सुमारे तीन ग्रॅम पोटात जावा लागतो आणि एका वडीत तो अर्धा ग्रॅमही नसतो. ही वडी खाऊ आहे, औषध नव्हे. बाजारातल्या बारपेक्षा ती बरी ठरते ती आत काय आहे हे आपल्याला ग्रॅममध्ये माहीत असते म्हणून, आणि गोडी पुढल्या वेळी आणखी दहा ग्रॅमने कमी करणे आपल्या हातात असते म्हणून.

साखर टाळण्यासाठी काही बारमध्ये अंजिराचा गर वापरतात. अंजीर उदुंबरवर्गातले, अनेक घरांत वर्ज्य. तेही यादीत पाहावे.

राहिला काळाचा प्रश्न. ज्या घरांत फाल्गुन चौमासीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत खजूर आणि तीळ बंद असतात, तेथे ही वडी हिवाळ्याचीच समजावी. संत्र्यांच्या दिवसांशी हा काळ बराचसा जुळतो, हे आपले भाग्य. एरवी खजूर वगळून गूळ १४० ग्रॅम करावा, तिळाऐवजी शेंगदाणे वाढवावेत. वडी किंचित कडक होईल. मिठाईची मर्यादा घराघरांत ऋतूनुसार हिवाळ्यात अधिक आणि पावसाळ्यात कमी धरली जाते, तिचे पालन करावे. पाणी नसल्याने हवाबंद डब्यात वडी आठवडाभर सहज टिकते, तरी एका वेळी सोळांहून अधिक करू नयेत. डब्यावर कागद चिकटवून केल्याची तारीख लिहावी, आणि पेढीवर पाठवायच्या चार वड्या आधीच बाजूला काढाव्यात. शाळेतून आलेल्या मुलांच्या हातून त्या उरत नाहीत.