यंत्राला शिकवावे कोणी?

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाने पाय किती वाकवावा, हे भौतिकोपचारतज्ज्ञाला नेमके ठाऊक असते. गुडघ्यावर वाक मोजणारा संवेदक बांधावा आणि पाय पुरेसा वाकताच घंटा वाजावी, अशी कल्पना त्याला सुचली, तर ती प्रत्यक्षात उतरण्याच्या आड काय येते? विषयाचे अज्ञान खचित नव्हे. संगणकाला आज्ञा लिहून देण्याची विद्या त्याच्यापाशी नसते, एवढेच.

ही अडचण दूर करण्याचे यत्न झाले आहेत. इटलीतील इव्रेआ येथे हेर्नांदो बारागान यांनी २००३ साली 'वायरिंग'ची रचना केली, ती मुख्यतः कलावंत व रचनाकार यांच्यासाठी. २००५ साली त्याच गावी 'आर्डुइनो' हा स्वस्त नियंत्रक बोर्ड जन्मास आला. त्याच्या 'ऊनो' या प्रकारात संवेदकाकडून येणारा विद्युद्दाब ० ते १०२३ यांपैकी एका अंकाच्या रूपाने वाचला जातो. तथापि कोणत्या अंकाला घंटा वाजवावी, हे तेथेही सामान्यतः आज्ञा लिहूनच सांगावे लागते.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००७ साली मांडलेल्या 'एक्झेम्प्लार' या साधनाने निराळी वाट धरली. माणसाने कृती करून दाखवावी. संवेदकाच्या संकेताचा आलेख पडद्यावर उमटावा. त्यातील हवा तो भाग माणसाने निवडावा, आणि पुन्हा तशी कृती घडताच यंत्राने ती ओळखावी, अशी ही योजना.

अशा सोयीने माणूस अज्ञानीच राहील, असा आक्षेप घेतला जातो. जेथे आलेख झाकलेला असतो, तेथे तो खराही आहे. परंतु आलेख डोळ्यांसमोर असला, की मर्यादारेषा फार खाली ठेवल्यास पायाच्या नुसत्या कंपानेही घंटा वाजते आणि फार वर ठेवल्यास रुग्णाचे प्रामाणिक कष्ट वाया जातात, हे तज्ज्ञाला स्वतःच दिसते. एकाच्या पायावर बेतलेली रेषा दुसऱ्याला लागू पडत नाही, हेही त्याला कळून येते. हे शिक्षणच नव्हे काय?

म्हणून साधन सोपे असावे, पण मोजमाप लपविणारे नसावे. शाळांनीही हाच क्रम धरावा: विद्यार्थ्याने आधी संवेदकाचा आलेख वाचावा, मर्यादारेषा स्वतः ठरवून पाहावी आणि मग आज्ञा लिहावयास बसावे. ज्याला काय मोजावयाचे हे कळते, त्यानेच यंत्राला शिकवावे, हे न्याय्य होय.