घोड्याची दोरी हाती येते तेव्हा

रत्नागिरीहून परळच्या टाटा रुग्णालयात कर्करोगाच्या उपचारासाठी जाणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाचा दिवस डोळ्यांपुढे आणा. सुई कधी टोचायची, काय खायचे, शाळेत कधी परतायचे, सारे इतरच ठरवतात. स्वतःच्या देहावरील त्याचा अधिकार जणू संपतो.

अश्वसाहाय्यित उपचाराचे मर्म येथेच आहे. पोलिओमुळे गुडघ्याखाली पाय अधू झालेल्या, घोड्यावर चढण्यासही आधार लागणाऱ्या डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये अश्वारोहणात रौप्यपदक मिळवले आणि जगाचे लक्ष या पद्धतीकडे वळले. परंतु स्वारी अनिवार्य नाही. घोड्याला खरारा करणे, दोरी धरून त्याला चालवणे हाही उपचाराचाच भाग असतो. घोडा माणसाच्या देहबोलीला प्रतिसाद देतो. आपल्या शांत पावलांमागे एवढे मोठे जनावर चालू लागते, हा अनुभव खचलेल्या मनाला उभारी देतो.

मात्र घोडा कर्करोग बरा करीत नाही. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटल्या असता तबेल्यातील धूळ, वाळले गवत व शेण यांतून संसर्ग होऊ शकतो. प्लेटलेट कमी असता साधे पडणेही धोक्याचे. म्हणून डॉक्टरांची अनुमती आणि प्रशिक्षित मार्गदर्शक हवाच. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावरील घोड्याची फेरी म्हणजे उपचार नव्हे.

ती अनुमती मिळेपर्यंत घरी एवढे करावे: आज पेज हवी की मऊ भात, पुढच्या भेटीत डॉक्टरांना कोणता प्रश्न विचारायचा, हे त्यालाच ठरवू द्यावे.