तक्रार करावी तर तपशिलात

युरोपहून परतलेला मराठी माणूस कधीही निराश झालेला नसतो. निदान पहिले काही आठवडे तरी नाही. सोसायटीत चॉकलेटं वाटून होतात, फोनमधले फोटो दाखवून होतात, ‘स्वच्छता बघावी तर तिथली’ हे वाक्यही ठरल्या जागी येऊन जातं. माणशी काही लाख रुपये गेलेले असतात, त्यासाठी एखादी ठेव मोडलेली असते, नाहीतर मुलाने आणि सुनेने आग्रह करकरून पाठवलेलं असतं. नुसत्या शेंगेन व्हिसाचेच 90 युरो, आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाहीत. इतकं सगळं झाल्यावर ‘ब्रुसेल्स काही खास नाही हो’ असं म्हणायचं धाडस कोण करणार? त्यासाठी मध्ये दोन-तीन महिने जावे लागतात आणि समोर तिकडे जाऊन आलेलंच कुणीतरी बसलेलं असावं लागतं. मग मात्र पॅरिसच्या मेट्रोतला वास, व्हेनिसचं पाणी, रोममधले पाकीटमार, कोपनहेगनची ती एवढीशी जलपरी, सगळं धडाधड बाहेर येतं.

मला हे दुसरं बोलणं ऐकायला फार आवडतं. कौतुकातून शहराबद्दल फारसं हाती लागत नाही; ते सहलीच्या माहितीपत्रकात आधीच छापलेलं असतं. तक्रार ऐकली की हा माणूस खरंच तिथे जाऊन उभा राहिला होता, याची खात्री पटते. अट एकच, ती तपशिलात हवी. नुसतं ‘बोअर झालं’ म्हटलं की शहरही कळत नाही आणि माणूसही. अमेरिकन आणि ब्रिटिश प्रवासी याबाबतीत आपल्यापेक्षा धीट. कुठल्या शहराला लोकांनी उगाच डोक्यावर घेतलंय, हे ते परतीच्या विमानात बसायच्या आधीच सांगून मोकळे होतात. पण त्यांच्याही बोलण्यात बहुधा निकाल असतो, सुनावणी नसते.

या निकालांत ब्रुसेल्सचं नाव हमखास असतं, आणि आपल्याकडची ग्रुप टूरवाली मंडळीही त्याला दुजोरा देतात. याचं निम्मं कारण तो मुतणारा मुलगा, मानेकेन पिस. झेरोम द्यूकेन्वा या शिल्पकाराने 1619 मध्ये घडवलेला ब्राँझचा पुतळा. उंची जेमतेम 55 सेंटिमीटर, म्हणजे दोन फूटही नाही. फोटोत तो चांगला माणसाएवढा वाटतो. ग्राँ प्लासच्या चौकातून गाइडच्या छत्रीमागे पाच मिनिटं चालायचं, कोपऱ्यावर गर्दी दिसली की टाचा उंचवायच्या, आणि मग आजूबाजूच्या सगळ्या भाषांत ‘हाच का तो?’ ऐकू येतं. बरं, तोही खरा नाही. 1965 पासून रस्त्यावर उभी आहे ती प्रतिकृती. मूळ पुतळा चौकातल्याच शहर संग्रहालयात आहे. तिथवर कुणी जात नाही, कारण तो बघायचं यादीत लिहिलेलं नसतं.

खरं तर हे एकेकाळी त्या वस्तीला पिण्याचं पाणी पुरवणारं साधं कारंजं होतं. ब्रुसेल्सच्या लोकांनी त्याचं कधी देवस्थान केलं नाही, थट्टाच केली. त्याला हजाराच्या वर पोशाख आहेत आणि त्या पोशाखांसाठी 2017 मध्ये वेगळं संग्रहालय काढलं. ज्या गोष्टीवर गावकरी शेकडो वर्षं हसत आलेत, ती आपण हजारो किलोमीटरवरून गंभीर चेहऱ्याने बघायला जातो. हिरमोड होणार नाही तर काय होणार?

उरलेलं निम्मं कारण बसच्या ड्रायव्हरपाशी आहे. पॅरिसहून ॲमस्टरडॅमला जाताना ब्रुसेल्स वाटेत लागतं, आणि वाटेत लागणं हाच त्याचा गुन्हा. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे साडेचार तास गाडी चालवली की ड्रायव्हरला 45 मिनिटं विश्रांती द्यावीच लागते, आणि दिवसाला एरवी नऊ तासांवर गाडी चालवता येत नाही. गाडीतल्या यंत्रात सगळं नोंदलं जातं, ‘भाऊ, जरा ॲडजस्ट करा’ तिथे चालत नाही. त्यामुळे टूर मॅनेजर घड्याळाकडे बघत असतो, आणि ड्रायव्हरच्या तासांतून उरेल तेवढा वेळ ब्रुसेल्सच्या वाट्याला येतो. त्या दीड-दोन तासांत चौक, पुतळा, वॅफल, चॉकलेटचं दुकान आणि स्वच्छतागृहाची रांग. रांगेत गेलेली वीस मिनिटंही शेवटी शहराच्याच नावावर पडतात.

आता मी ब्रुसेल्सची वकिली करते आहे असं वाटेल, पण तसं नाही. या शहराबद्दल तक्रार करायला फार मोठी जागा आहे, फक्त ती पुतळ्यापाशी नाही. व्हिक्टर ओर्ता हा तिथला थोर वास्तुरचनाकार. कामगारांसाठी त्याने बांधलेलं ‘मेझों द्यु पप्ल’ हे लोकगृह 1965 मध्ये पाडलं आणि त्या जागी एक रटाळ टॉवर उभा केला. युरोपीय संघाची कार्यालयं जिथे आहेत, तो एकोणिसाव्या शतकातल्या घरांचा देखणा भाग होता. युरोपीय आयोगाचं मुख्यालय असलेली बेर्लेमाँ ही इमारत तर एका जुन्या मठाच्या जागेवर बांधलेली. नियोजनाच्या नावाखाली स्वतःचं शहर पाडण्याला पुढे ‘ब्रुसेलीकरण’ असंच नाव पडलं. गंमत अशी की ज्या ग्राँ प्लासचं सगळे तोंड भरून कौतुक करतात, तो 1695 मध्ये फ्रेंच तोफांनी जवळजवळ बेचिराख केला होता, आणि तिथल्या व्यापारी संघांनी काही वर्षांत तो पुन्हा उभा केला. शत्रूने पाडलेलं त्यांनी बांधून काढलं. बिल्डरांनी पाडलेलं मात्र तसंच राहिलं. ‘ब्रुसेल्स आवडलं नाही’ म्हणणाऱ्याने एवढं पाहून तसं म्हटलं, तर मी त्याच्या बाजूने.

जाता जाता एक सांगून ठेवते. शाकाहारी मंडळी तिथे ‘फ्राइज तरी खाऊ’ म्हणून निर्धास्त असतात. बेल्जियमच्या पारंपरिक दुकानांत बटाटा दोनदा तळतात, आणि तोही गाईच्या चरबीत. खायच्या आधी विचारा.

कोपनहेगनच्या जलपरीवर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. कार्ल्सबर्गच्या कार्ल याकोब्सेनने करवून घेतलेला, 1913 मध्ये बसवलेला सव्वा मीटरचा पुतळा, समोरच्या किनाऱ्यावर औद्योगिक बंदर. तिचं डोकं आजवर दोनदा कापून नेलंय, 1964 आणि 1998 मध्ये. डेन्मार्कमध्ये असले उद्योग करणारी माणसं आहेत, हीच मला त्या जागेची सर्वांत रोचक माहिती वाटते. पिसाच्या कलत्या मनोऱ्याचंही तेच. मनोरा 1990 पासून जवळजवळ बारा वर्षं बंद ठेवून, उत्तरेकडची माती हळूहळू काढून अभियंत्यांनी तो सुमारे अर्धा अंश सरळ केला. ही कथा कळली तर मनोऱ्याकडे पाहायला मजा येते. हात पुढे करून तो पेलल्याचा फोटो काढून परत यायचं असेल, तर हिरवळीवर तशाच पोझमध्ये उभी असलेली शंभर माणसं मनोऱ्यापेक्षा जास्त लक्षात राहतात.

अथेन्सची गोष्ट वेगळी. तिथे निराश होणारे लोक खोटं बोलत नसतात. ॲक्रोपोलिसवरून खाली पाहिलं की क्षितिजापर्यंत पाच-सहा मजली करड्या इमारती, गच्चीवर पाण्याच्या टाक्या, भिंतींवर रंगाचे फराटे. सॉक्रेटिसाचं गाव बघायला आलेल्या माणसाला हे कुठून आलं तेच कळत नाही. ते आलं 1922 च्या पराभवातून. तुर्कस्तानशी युद्ध हरल्यावर आणि पुढच्या वर्षी लोकसंख्येची अदलाबदल ठरल्यावर बारा लाखांहून जास्त निर्वासित ग्रीसमध्ये आले, आणि अथेन्स व पिरेयसच्या भोवती वस्त्या उभ्या राहिल्या. पुढे दुसरं महायुद्ध आणि यादवी संपल्यावर खेड्यांतून माणसांची रीघ लागली. सरकारकडे घरं बांधायला पैसा नव्हता. मग एक तोडगा रुजला. आपलं जुनं बैठं घर बिल्डरच्या ताब्यात द्यायचं, त्याने तिथे इमारत बांधायची, बदल्यात आपल्याला एक-दोन फ्लॅट, बाकीचे त्याने विकायचे. ग्रीकमध्ये याला ‘अंदिपारोही’ म्हणतात. पुण्यातल्या डेक्कन किंवा कोथरूडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. बंगला पाडून फ्लॅट घेतलेल्या घराण्यांच्या तीन पिढ्या आपल्याकडे आहेत.

या व्यवहाराने अथेन्स कुरूप केलं आणि त्याच व्यवहाराने सामान्य माणसाला भर शहरात स्वतःच्या मालकीचं घर दिलं. पॅरिससारखा गरिबाला शहराबाहेर काढून देखणेपणा राखलेला नाही. एकाच इमारतीत वरच्या मजल्यावर डॉक्टर आणि तळमजल्यावर शिंपी, असं तिथे कित्येक वर्षं चाललं. संध्याकाळी त्या करड्या इमारतींच्या बाल्कन्यांत कापडी छपरं वर जातात, खाली खुर्च्या मांडल्या जातात, आणि रात्री अकराला आजीपासून नातवापर्यंत सगळे रस्त्यावर असतात. सकाळी नऊला ॲक्रोपोलिस, दुपारी बोटीने बेटावर, असा कार्यक्रम असलेल्यांना यातलं काहीच दिसत नाही. ते अथेन्सला ‘एक रात्र पुरे’ म्हणतात. माझ्या मते तीन रात्री हव्यात आणि ॲक्रोपोलिसला अर्धा दिवस पुरे.

आणि तो पार्थेनॉन तसा पडका का दिसतो? मुख्य कारण वय नव्हे. 1687 मध्ये तो बऱ्यापैकी शाबूत उभा होता. तुर्कांनी त्यात दारूगोळा ठेवला होता, आणि चाल करून आलेल्या व्हेनिसच्या सैन्याचा एक तोफगोळा नेमका त्यावर पडला.

ज्या व्हेनिसला आपण आज ‘बिचारं बुडणारं’ म्हणतो, ते हेच. ग्रुप टूरची मंडळी मेस्त्रेच्या हॉटेलात उतरतात, त्रोंकेत्तोच्या धक्क्यावरून बोटीने सान मार्कोला येतात, काच फुंकण्याचं प्रात्यक्षिक बघतात, गोंडोल्यात बसतात, आणि ‘पाण्याला वास येतो’ म्हणून परततात. ओहोटीला कडक उन्हात येतोच. पण व्हेनिसची खरी वानवा माणसांची आहे. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला जुन्या शहरात पावणेदोन लाखांच्या आसपास लोक राहत होते. 2022 च्या ऑगस्टमध्ये हा आकडा 50 हजारांच्या खाली गेला. रियाल्टोजवळच्या एका औषधाच्या दुकानाने 2008 पासून काचेआड उरलेल्या रहिवाशांचा आकडाच लावून ठेवला आहे. आपण शहर बघायला गेलो आणि सगळीकडे आपल्यासारखेच लोक दिसले, अशी तक्रार करणाऱ्याने त्या काचेत स्वतःचंही प्रतिबिंब बघून घ्यावं. एप्रिल 2024 पासून ठरावीक दिवशी फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून पाच युरो घेतात, पुढच्या वर्षी ऐनवेळी येणाऱ्यांना ते दहा झाले. त्याने गर्दी हटेल असं मला वाटत नाही. मेस्त्रेहून बसमध्ये बसलेला माणूस पाच युरोंसाठी मागे फिरत नाही. एक रात्र मात्र आत राहून बघा. शेवटच्या बोटी गेल्यावर वास तोच असतो, पण तक्रार करावीशी वाटत नाही.

पार्थेनॉनवर तोफा डागणाऱ्या व्हेनिसनेही पुढे किंमत मोजली. सान जॉर्जो माज्जोरे बेटावरच्या मठाच्या भोजनगृहासाठी व्हेरोनेझेने 1563 मध्ये एक अवाढव्य चित्र पूर्ण केलं होतं. बायबलातल्या काना गावच्या लग्नातली मेजवानी, रुंदी जवळजवळ दहा मीटर. 1797 मध्ये नेपोलियनच्या सैन्याने ते भिंतीवरून उतरवून, तुकडे करून पॅरिसला नेलं. मठात 2007 पासून त्याची हुबेहूब प्रतिकृती मूळ जागी लावलेली आहे. मूळ चित्र आहे लूव्रमध्ये, मोनालिसाच्या अगदी समोर.

पॅरिसच्या निराशेला तर वैद्यकीय प्रतिष्ठा मिळाली आहे. हिरोआकी ओता या पॅरिसमध्ये काम करणाऱ्या जपानी मनोविकारतज्ज्ञाने 1980 च्या दशकात ‘पॅरिस सिंड्रोम’ हे नाव दिलं, ते अपेक्षाभंगाने कोलमडून गेलेल्या जपानी पाहुण्यांवरून. असे रुग्ण मोजकेच होते. बातम्यांनी त्याला साथीच्या रोगाचं रूप दिलं. आपली माणसं कोलमडत नाहीत. ती लूव्रमधून बाहेर येऊन ‘मोनालिसा केवढीशी आहे!’ एवढंच म्हणतात. 2024 मध्ये सुमारे 87 लाख लोक त्या संग्रहालयात गेले, आणि त्यांतले बहुतेक त्या एका दालनात शिरून, फोन वर धरून, रेटारेटीत काही सेकंद उभे राहून बाहेर पडले. पाठीमागे व्हेरोनेझेचे शंभराहून जास्त पाहुणे जेवत असतात. वादक, कुत्री, वाढपी, उजवीकडच्या रांजणाशी खेळणारं मांजर, पहिलवानी अंगाचे गडी. तिकडे सगळ्यांची पाठ.

जानेवारी 2025 मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी जाहीर केलं की मोनालिसाला स्वतंत्र दालन मिळेल आणि ते बघायला वेगळं तिकीट लागेल. युरोपीय संघाबाहेरच्यांना संग्रहालयाचं तिकीटही जास्त पडेल, हेही त्याच भाषणात. म्हणजे 77 बाय 53 सेंटिमीटरचं चित्र बघून ‘एवढंसंच?’ म्हणायला आपल्याला वेगळे पैसे मोजावे लागतील, आणि व्हेरोनेझेची मेजवानी मूळ तिकिटातच, धक्का न खाता बघता येईल. मी त्या दिवसाची वाट बघते आहे.