टाकीतल्या पाण्याची वही

घरात नवी फिशटँक येते, पहिले काही दिवस कौतुकात जातात आणि दोन-तीन आठवड्यांत मासे एकामागून एक मरू लागतात. दोष बहुतेक वेळा दुकानदाराच्या माथी मारला जातो, कारण पाणी तर नितळ दिसत असते. पण मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो, उरलेले खाणे कुजले की त्यातूनही अमोनियाच होतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. फिल्टरच्या स्पंजवर हळूहळू जिवाणू वस्ती करतात. त्यांतले काही अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे बरेच सौम्य असे नायट्रेट. ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, मासे मात्र पहिल्याच दिवशी सोडलेले असतात. नायट्राइट रक्तात शिरले की रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते, आणि हवेचा पंप चालू असतानाही मासा वर येऊन तोंड उघडझाप करत राहतो. हे हाल टाळता येण्याजोगे आहेत. म्हणून पाणी आपोआप तपासणारे यंत्र घरी बनवण्याचा खटाटोप मला मोलाचा वाटतो. त्याचे मोल फार बारीक आकड्यांत शोधू नये. ते वेळच्या वेळी, न चुकता झालेल्या नोंदींत आहे.

बाजारातले थेंबांचे टेस्ट किट वाईट नाही. अडचण अशी, की ते आपल्या सवडीने वापरले जाते, म्हणजे बहुधा रविवारी सकाळी, आणि पाणी आपली सवड पाहत नाही. टाकीत वनस्पती असतील तर त्या दिवसभर कार्बन डायऑक्साइड शोषतात, त्यामुळे पीएच संध्याकाळपर्यंत चढतो आणि रात्री उतरतो. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असताना एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का घातक, मुक्त रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच वाटा पाच टक्क्यांच्या वर जातो. अमोनिया तेवढाच, धोका जवळपास दहापट. सकाळच्या परीक्षानळीत हे दिसणार कसे? शिवाय पिवळसर आणि हिरवट यांतला फरक एकाला खिडकीपाशी एक दिसतो, दुसऱ्याला दिव्याखाली दुसरा.

यंत्राचे काम तसे सरळ आहे. एका छोट्या पंपात रोलर रबरी नळी दाबत पुढे सरकतात आणि टाकीतले पाच मिलिलिटर पाणी काचेच्या लहान कुपीत आणतात. दुसरे पंप किटमधलीच रसायने सोडतात. ठरलेली मिनिटे थांबायचे, कारण रंग पूर्ण चढायला वेळ लागतो. मग कुपीच्या एका बाजूचा एलईडी लावायचा आणि समोरच्या सेन्सरने पलीकडे किती प्रकाश पोचला ते मोजायचे. अमोनियाच्या चाचणीत येणारा हिरवा रंग लाल प्रकाश गिळतो, म्हणून तिथे लाल एलईडी. नायट्राइटचा गुलाबी रंग हिरवा प्रकाश गिळतो, म्हणून तिथे हिरवा. किती प्रकाश गिळला गेला यावरून प्रमाण काढण्याचा बिअर-लॅम्बर्ट नियम प्रयोगशाळांत रोज वापरला जातो. अर्डुइनोसारखा स्वस्त बोर्ड हे सगळे सांभाळून वेळेसह नोंद ठेवतो. खरी कसोटी बारीकसारीक गोष्टींत लागते: काचेला आतून चिकटलेला एक बुडबुडा किंवा आधीच्या चाचणीचा कुपीत राहिलेला थेंब आकडा बिघडवू शकतो. म्हणून आधी कुपी दोनदा विसळायची, मग साध्या पाण्याचे वाचन घेऊन ते शून्य धरायचे.

कोणी म्हणेल, दर आठवड्याला पाणी बदलले की पुरे. बदलायलाच हवे; पण अमोनिया लिटरमागे २ मिलिग्रॅम असेल आणि चौथाई पाणी बदलले, तर तो दीडवर येतो. म्हणजे धोका कायम. किती बदलायचे हे मोजल्याशिवाय कळत नाही. स्वस्त टीडीएस मीटर फक्त विरघळलेल्या क्षारांचा एकंदर अंदाज देतो, अमोनियाबद्दल काहीच सांगत नाही. सर्वांत वजनदार आक्षेप वेगळा आहे: चुकीचा आकडा खोटा धीर देतो, त्यापेक्षा आकडा नसलेला बरा. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि त्याचे उत्तर यंत्रालाच परीक्षेला बसवणे हे आहे. ३१४ मिलिग्रॅम अमोनियम क्लोराइडचे एक लिटर द्रावण डिस्टिल्ड वॉटरमध्ये करावे, त्यातले १० मिलिलिटर घेऊन पुन्हा एक लिटर करावे. या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम अमोनिया असतो. आठवड्यातून एकदा हे पाणी आणि नुसते डिस्टिल्ड वॉटर यंत्राला द्यावे. उत्तर १ आणि ० यांच्या आसपास येत नसेल, तर त्या आठवड्याच्या नोंदींवर काट मारावी.

आणि मोजणाऱ्या यंत्राच्या हाती नळाची तोटी देऊ नये. नळाच्या पाण्यात क्लोरिन असते. एखाद्या बुडबुड्यामुळे आकडा चढला आणि यंत्राने आपणहून ताजे पाणी सोडले, तर माशांचे कल्ले भाजतील आणि महिनाभर जमवलेले जिवाणूही मरतील. यंत्राने फोनवर कळवावे, तोटी माणसाने उघडावी. तपासलेले पाणीही टाकीत परतता कामा नये. त्यासाठी वेगळी बाटली हवी. अमोनियाच्या नेस्लर चाचणीत पारा असतो, ती घरात आणूच नये. सॅलिसिलेटची चाचणी घ्यावी, आणि तिचीही ती बाटली घट्ट झाकण लावून मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवावी.