मिग-२१ निवृत्त झाले. ओझरला संग्रहालय उभे राहील का?

चंदीगडच्या हवाई तळावर २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ विमानांना भारतीय हवाई दलाने समारंभपूर्वक निरोप दिला आणि बासष्ट वर्षांचे एक पर्व संपले. १९६३ मध्ये या विमानांची पहिली स्क्वाड्रन चंदीगडलाच उभी राहिली होती. त्यामुळे निरोपाचा मान त्या शहराला मिळणे स्वाभाविकच होते. मात्र यातील बहुसंख्य विमाने ज्या कारखान्यात घडली, तो महाराष्ट्रात, नाशिकपासून जेमतेम वीस किलोमीटरवर ओझरला आहे. निवृत्त लढाऊ विमानांचे संग्रहालय राज्यात कोठे असावे, या प्रश्नाचे उत्तर शोधताना ओझरचे नाव टाळता येणार नाही.

चीन युद्धातील पराभवानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. पुढच्याच वर्षी ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विभाग सुरू झाला. सांगाडा ओझरला, इंजिने ओडिशातील कोरापूटला आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला, अशी विभागणी होती. भारताने वापरलेल्या आठशे सत्तरहून अधिक मिग-२१ पैकी सहाशेहून अधिक देशातच बांधली गेली. त्यानंतर येथे मिग-२७ आणि सुखोई-३० आली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी येथेच जोडलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए विमानाने उड्डाण केले. कारखान्याचे काम चालू आहे. जुन्या कामाची खूण ठेवण्याची निकड आहे ती याच वेळी.

विमान जपणे हे रणगाडा जपण्याइतके सोपे नाही. अहिल्यानगरला लष्कराच्या चिलखती दलाने १९९४ मध्ये उभारलेल्या संग्रहालयात रणगाडे उघड्यावर मांडलेले दिसतात. जाड पोलादाला ते झेपते. विमानाचा पत्रा मात्र काही मिलिमीटरचा, तोही ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, आणि त्यात पोलादी खिळे व बोल्ट. दोन धातूंच्या सांध्यात पाणी साचले की झीज आतून सुरू होते. बाहेरून रंग चकाकत असला तरी ती दिसत नाही. टायर तडकतात, वैमानिकाच्या डोक्यावरचे पारदर्शक छत उन्हाने धुरकट होते, हवा घेण्याच्या पोकळीत पक्षी घरटी करतात. चौकाचौकांत खांबावर चढवलेल्या विमानांची अवस्था पाहिली की याची कल्पना येते. त्याआधी आसनाखालची स्फोटके, उरलेले इंधन व तेल काढून विमान निर्धोक करावे लागते, ते वेगळेच. थोडक्यात, विमान मिळवणे हा खर्चाचा लहान भाग आहे. मोठा भाग छपराचा आणि दरवर्षीच्या देखभालीचा.

शेजारच्या गोव्याने हा प्रयोग करून पाहिला आहे. दाबोळीच्या नौदल तळालगत, बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचे हवाई संग्रहालय १९९८ मध्ये सुरू झाले. विक्रांतवरून उडणारी सी हॉक आणि अलिझे, २०१६ मध्ये निवृत्त झालेले सी हॅरियर आणि एकेकाळी एअर इंडियाचे प्रवासी नेणारे सुपर कॉन्स्टेलेशन तेथे पाहता येते. या संग्रहालयाचे खरे शहाणपण जागेच्या निवडीत आहे. ते तळाच्या कुंपणाबाहेर असल्याने तिकीट काढून कोणीही आत जाऊ शकतो. ओझरला कारखाना, हवाई दलाचा डेपो आणि नागरी विमानतळ एकाच परिसरात आहेत. सुरक्षेच्या चौकटीत संग्रहालय उभारले, तर शाळेच्या सहलीलाही परवानगीचे अर्ज करावे लागतील आणि दोन वर्षांत तेथे कोणी फिरकणार नाही.

राज्याचा याबाबतचा इतिहास फारसा आशादायक नाही. विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाली, मुंबईत काही वर्षे संग्रहालय म्हणून राहिली, सुरक्षेच्या कारणावरून २०१२ मध्ये बंद झाली आणि २०१४ मध्ये भंगारात निघाली. विराटसाठी राज्य मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये सिंधुदुर्गातील निवतीजवळ ८५२ कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली. दोनच वर्षांत ती अलंगच्या किनाऱ्यावर पोहोचली. दोन्ही वेळा अभिमानाची भाषणे भरपूर झाली. दरमहा देखभालीचे बिल कोणत्या खात्याने भरायचे, हे मात्र ठरले नाही.

विमानांच्या बाबतीत याहून जुना धडा पुण्याचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कानपूरला मोडीत पडलेली लिबरेटर बॉम्बफेकी विमाने तेव्हाच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने दुरुस्त केली आणि ती लोहगावसह अन्य तळांवरून १९६८ पर्यंत उडाली. जगात फार थोडी लिबरेटर उरली आहेत. ब्रिटनमधील रॉयल एअर फोर्स संग्रहालयातील लिबरेटर भारतातूनच गेलेले आहे. पुणेकराला ते पाहायचे, तर विलायतेचे तिकीट काढावे लागते!

ओझरच्या संग्रहालयात काय दाखवायचे, हाही प्रश्न आहेच. १९७१ च्या युद्धातील पराक्रम सांगावाच लागेल. पण २०१२ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत दिलेल्या माहितीनुसार ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातग्रस्त झाली आणि १७१ वैमानिक प्राणास मुकले. ही संख्या भिंतीवर नसेल, तर त्या वैमानिकांच्या कुटुंबीयांना ते संग्रहालय परकेच वाटेल. जोडीला, ज्या कामगारांनी ही विमाने जोडली त्यांची हत्यारे, नकाशे, साचे हवेत. ही सामग्री आजही निवृत्त कामगारांच्या ओळखीतून जमवता येईल. आणखी दहा-पंधरा वर्षांनी ती ओळखणारी माणसेच नसतील.

हवाई दलाने २०२३ मध्ये चंदीगडला स्थानिक प्रशासनाच्या साथीने वारसा केंद्र सुरू केले. तोच मार्ग येथे खुला आहे: विमाने हवाई दलाची, तांत्रिक हात कारखान्याचे, जागा आणि छप्पर राज्याचे. निवृत्त मिग-२१ साठी देशभरातील संस्थांकडून मागण्या होतच राहणार. ओझरला जी हवीत, ती निवडून कोरड्या जागी हलवायची असतील, तर पहिला पावसाळा येण्यापूर्वी जागेचा निर्णय व्हायला हवा.